माडी पाडू नये, आणि पेला नैनाला द्यावा

मी, सत्यजित शमुवेल पारधे, वय पंचवीस, जन्माने नगरचा, राहायला शुगर लँड, टेक्सस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहीत आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी लालूच दाखवलेली नाही, आणि सकाळपासून कॉफीशिवाय काही प्यायलेलो नाही. डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही. लहानपणी नगरला सांधे सुजून ताप यायचा, त्या तापाने हृदयाची एक झडप खराब केली. ती येत्या गुरुवारी ह्यूस्टनला बदलायची आहे. सर्जन म्हणतात, बहुतेक सगळे बरे होऊन घरी जातात. शैलेंद्रकाका म्हणाले, "त्या 'बहुतेक'वरच माझं घर चालतं. तू लिहून ठेव."

शैलेंद्र देवस्थळी हे इथले मृत्युपत्रांचे वकील. ते नैनाचे वडील आहेत हेही इथेच सांगून टाकतो, मागाहून कुणी लपवलं म्हणायला नको. त्यांनी मला नियम घालून दिलेत. जे आपलं नाही ते वाटायचं नाही. सही दोन साक्षीदारांसमोर करायची. आणि साक्षीदाराला काही ठेवायचं नाही, कारण जो साक्ष म्हणून सही करतो त्याच्या नावचं जे असेल ते बाद होतं. मराठीत लिहिलं तर चालेल का, असं विचारलं, तर म्हणाले, "चालेल. ट्रान्सलेशनला मीच बसणार आहे, तेव्हा अक्षर नीट काढ. आणि रागाच्या भरात लिहू नकोस रे."

अक्षर नीट काढतो आहे.

१. घर माझं नाही, आईचं आहे. आई म्हणजे रत्ना शमुवेल पारधे, नर्स. पप्पा गेल्यावर ती मला घेऊन इथे आली आणि रात्रपाळ्या करून तिने हे घर घेतलं. बँकेत माझं जे काही निघेल ते तिचं. माझ्या खोलीतलं काय ठेवायचं, काय टाकायचं ते तिने ठरवावं, पण आई, ते निळं जॅकेट कुणाला देऊ नकोस, त्याचा खिसा फाटलेला आहे, लोक हसतील.

अंत्यविधीला मराठी गीतं म्हणावीत. टाळ माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. इथल्या मंडळीला शब्द येणार नाहीत, हरकत नाही, टाळ्या येतात. जेवण जमिनीवर पंगत मांडून द्यावं. आमच्याकडे त्याला प्रीतिभोजन म्हणतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची द्यावी, पण पंक्तीतच. वेगळ्या टेबलावर नको.

२. गाडी आईला नको आहे, ती म्हणते तिच्यातून माझ्यासारखाच आवाज येतो. ती विकावी. सुतारकामाची हत्यारं, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती आणि मोठा शिकंजा, हे सगळं आमच्या चर्चसमोर रस्त्यापलीकडे असलेल्या माउंट गिलाद चर्चला द्यावं. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार तीन वर्षं घासतंय. पटाशीने डबे उघडू नयेत.

३. राग. काकांनी ह्या कलमावर तांबडी फुली मारली आहे. तरी ठेवतो, कारण माझ्याकडे वाटायला तोच सगळ्यात जास्त आहे.

मी इतिहास शिकत होतो. डिग्री सोडली हे सगळ्यांना माहीत आहे, का सोडली ते फक्त आईला. आमच्या खापरपणजोबांना नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातून अमेरिकन पाळकांनी बाप्तिस्मा दिला. ते पाळक बोस्टनच्या मिशनने पाठवलेले. नगरच्या मंडळीचा नियम कडक होता: जो जात पाळतो त्याने प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, बसायचं नाही. आधी सगळ्यांच्या पंक्तीला बस, मग भाकर घे. त्याच दशकांत, अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामगिरी चालू असताना, त्याच मिशनच्या सभांना अमेरिकेतले काही पाळक वर्षानुवर्षं अर्ज घेऊन येत होते, की जो माणसं विकत घेतो त्यालाही प्रभुभोजनाला बसवू नका, त्याच्या हातची देणगी घेऊ नका. मिशनने दासपणा वाईट आहे असं कबूल केलं, पण धन्यांना बाहेर काढलं नाही. शेवटी चिडलेल्यांनी आपलं वेगळं मिशन काढलं. पुढे ह्याच वादावर मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट पंथ उत्तर-दक्षिण असे फुटले, शास्त्र मात्र दोन्हीकडे तेच राहिलं. उत्तरेतले कितीतरी पाळक पळून आलेल्या दासांना तळघरात लपवत होते. दक्षिणेतले कितीतरी पाळक व्यासपीठावरून सांगत होते की बायबलमधल्या पौलानेसुद्धा पळालेल्या दासाला धन्याकडे परत पाठवलं. पौलाने त्याला भाऊ म्हणून घे असं सांगून पाठवलं होतं, तेवढं वाक्य हे लोक गिळत.

मी पेपरात विचारलं, की हजारो मैलांवरच्या जातीला नाही म्हणायला जे धैर्य पुरलं, ते घरातल्या धन्याला नाही म्हणायला का पुरलं नाही? प्रोफेसर म्हणाले, पेपर भावनिक आहे, त्या माणसांना त्यांच्या काळाच्या मापाने मोज. मी म्हणालो, लपवणारे पाळकही त्याच काळातले होते, मग माप कुणाचं घ्यायचं? ते म्हणाले, आवाज खाली. मी आवाज खाली केला नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तर माझा राग प्रोफेसरांना देतो. त्यांना वापरता आला तर बरंच आहे.

४. माडी. हे कलम माझ्या मालमत्तेचं नाही हे मला कळतं. काकांनी समासात "रिक्वेस्ट" असं लिहून दिलंय. तर रिक्वेस्ट समजा. पण ह्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

ब्राझोस नदीजवळचं ओल्ड बेंड चर्च हे माझं चर्च. मी तिथला पूर्ण सभासद आहे. गुरुवारी माझं ऑपरेशन, त्यानंतरच्या रविवारी मंडळीची सभा. इमारत नवी करायच्या प्लॅनमध्ये माडी पाडायची आहे, सभा त्यावर मत घेणार. मी तेव्हा एकतर नळ्यांमध्ये असेन किंवा नसेन. म्हणून हे कलम सभेत वाचून दाखवावं. पाळक हॉलिस यांनी कबूल केलं आहे. ते म्हणाले, "जिवंत असलास तरी वाचतो, तू समोर नसताना तुझं ऐकायला सोपं जातं."

ओल्ड बेंडच्या विटा दासांनी भाजल्या. बांधून झाल्यावर त्यांना बसायला खाली जागा नव्हती, म्हणून मागच्या भिंतीला लाकडी माडी केली. तिला बाहेरून वेगळं दार, दारातून थेट जिना. प्रभुभोजनाला खाली एक पेला फिरायचा, तो फिरून झाला की माडीसाठी दुसरा. पहिले पाळक रेव्हरंड ट्रास्क हे कनेटिकटहून आलेले. तरुणपणी त्यांनी दासपणाविरुद्धच्या अर्जांवर सह्या केल्या होत्या. इथे आले, मळेवाल्याच्या मुलीशी लग्न केलं, आणि दहा वर्षांत हेच ट्रास्क माडीकडे बोट करून सांगू लागले की ही देवाने लावलेली व्यवस्था आहे. मंडळीने स्वतःच्या इतिहासात हे सगळं छापलं आहे, त्यात लपवाछपवी नाही. त्यांची तसबीर अजून हॉलमध्ये आहे. मला तिचा राग यायचा. आता भीती वाटते. हा माणूस वाईट म्हणून आला नव्हता. तो इथे चांगला वागवला गेला, एवढंच झालं.

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं तेव्हा मी पहिल्यांदा तिथे गेलो. कॉलेजच्या पेपरसाठी जुनं चर्च बघायचं होतं. उशीर झालेला, खाली बाप्तिस्म्याची गर्दी, आणि वर बघितलं तर अख्खी माडी रिकामी. आजोबांच्या खेड्यातल्या देवळात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, चपला बाहेर काढून जायचं, खाली सतरंजीवर बसायचं. मी सवयीने बूट जिन्याच्या तळाशी काढून ठेवले आणि वर जाऊन बसलो. पाळकांचं प्रवचन थांबलं. सगळं चर्च मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. मला वाटलं मोज्याला भोक आहे.

एक काका वर आले, अगदी हळू म्हणाले, "बेटा, इथे कुणी बसत नाही."

"का? लाकूड कच्चं आहे का?"

ते बिचारे वळून खाली पाळकांकडे बघू लागले. लाल झाले. खालून पाळक हॉलिस म्हणाले, "त्याला बसू द्या. कुणीतरी बसायलाच हवं होतं."

नंतर त्यांनी मला सगळं सांगितलं, काही न गाळता. मी त्या माणसाच्या चर्चचा सभासद झालो, आणि आजवर तिथेच बसतो. जिन्याची तिसरी पायरी मी नवी बसवली आहे, ती करकरत नाही.

पाळक हॉलिस वाईट नाहीत. छत गळतंय, लोक कमी होतायत, आणि त्यांना खरोखर वाटतं की लाजेची जागा काढून तिथे खिडकी आली तर आत उजेड येईल. मी म्हणतो, उजेड येऊ द्या, पण लाज सहा महिन्यांत विसरली जाईल. आमच्या गावच्या हॉटेलात आजोबांचा कप वेगळा असायचा, दाराबाहेर खुंटीला. पुढे हॉटेलवाल्याने खुंटी काढून टाकली. आता त्याचा नातू शपथेवर सांगतो की आमच्याकडे असलं काही कधी नव्हतंच.

५. माझं मत बदललं आहे. ते कुणी बदललं ते सांगतो.

मागच्या सभेत आरडाओरडा करून मी तडक रस्ता ओलांडला आणि माउंट गिलादमध्ये मिस ओडेसा फ्रीमन यांच्याकडे गेलो. इथे मोठ्या बायकांच्या नावामागे 'मिस' लावतात, आपण मावशी लावतो तसं. त्या ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचे पूर्वज त्या माडीवर बसत. त्या खुर्च्या पुसत होत्या.

मी म्हणालो, "मिस ओडेसा, तुमच्या माणसांची जागा पाडतायत. तुम्ही सभेला चला."

"माझ्या माणसांची जागा ही," त्यांनी हातातल्या फडक्याने पायाखालची जमीन दाखवली. "ती त्यांना बसवलेली जागा."

"म्हणजे पाडू द्यायची?"

"असं म्हटलं मी? तुला घाई फार. बस. तू सभेत काय बोललास?"

मी पुन्हा सगळं भाषण केलं. विटा, माडी, पेला, ट्रास्क. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान. चढले ते सगळं सांगितलंस. उतरले ते कुठे आहे?"

मला कळलं नाही.

"युद्ध संपून माझी माणसं मोकळी झाल्यावर एका रविवारी ट्रास्क अर्ध्या प्रवचनात असताना माझ्या पणजीची आई उठली. तिच्यामागे सगळी माडी उठली. जिना उतरून, त्या दाराने बाहेर, रस्ता ओलांडून इकडे. इथे तेव्हा एक पेकानचं झाड होतं, बाकी काही नाही. तुझ्या भाषणात माझी माणसं अजून वरच बसलेली आहेत. त्यांना उतरू दे की."

"मग मी काय मागू?"

"जिना माग, बाळा. जिना दोन्हीकडे जातो."

म्हणून माझी सभेला विनंती अशी: माडी आणि जिना ठेवावा. रस्त्याकडचं ते वेगळं दार नंतर विटांनी बुजवून जिन्याला आतून वाट केलीय, ते दार उघडावं आणि उघडंच ठेवावं. ट्रास्क यांची तसबीर फेकू नये, माडीवर शेवटच्या बाकाच्या मागे लावावी. त्यांनाही तिथून खाली कसं दिसतं ते बघू दे. आणि ठरवण्याआधी माउंट गिलादच्या लोकांना बोलवावं, विचारावं. मी ओरडलो, पण विचारलं नव्हतं.

६. पितळी पेला. ही एकच वस्तू माझ्याकडे खरी आहे.

तो खापरपणजोबांचा. घरात सांगतात ते असं, खरंखोटं देवाला ठाऊक: बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला ते हा पेला घरून घेऊन गेले. आपल्याला वेगळं प्यावं लागेल अशीच सवय. अमेरिकन पाळकाने तो त्यांच्या हातातून घेतला, द्राक्षारस त्यातच ओतला, आणि त्या दिवशी सगळ्या मंडळीत तोच पेला फिरवला. एक नवा ब्राह्मण ख्रिस्ती होता, तोही प्यायला, म्हणतात डोळे मिटून. आजोबा गोष्ट सांगताना इथे हटकून हसायचे. मी हसत नाही. डोळे मिटून का होईना, प्यायला.

हा पेला नैना शैलेंद्र देवस्थळी हिला द्यावा.

नैना इथेच जन्मली, आर्किटेक्ट आहे, आणि माडी पाडायचा प्लॅन तिच्या ऑफिसने काढला आहे. पहिल्यांदा ती मोजमापं घ्यायला आली तेव्हा मी वर बाक पॉलिश करत होतो. जिन्याच्या तळाशी माझे बूट बघून तिने खालून विचारलं, "हाय, इथे शूज काढायचे असतात का?" मी हो म्हणालो. तसा काही नियम नव्हता. ती सँडल काढून अनवाणी वर आली, लेझरचा ठिपका भिंतीवर धरला, आणि म्हणाली, "माझं मराठी बॅड आहे, हसायचं नाही." मी हसलो नाही. तेव्हापासून झोपलोही नाही नीट. कार्डिऑलॉजिस्टने विचारलं धडधड कधी वाढते, मी खोटं बोललो, जिना चढताना.

आणि मग मागच्या सभेत, प्लॅन पडद्यावर दिसल्याबरोबर, मी उठून तिला सगळ्यांसमोर, रागात मराठीतच, ट्रास्कची कारकून म्हणालो. पार्किंगमध्ये ती एवढंच बोलली, "तू मला एकदाही विचारलं नाहीस की मला काय वाटतं." त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही. काकांकडे जातो तेव्हा वरच्या मजल्यावर तिची पावलं ऐकू येतात, आणि काका मुद्दाम मोठ्याने विचारतात, "चहा आणखी घेणार का रे, सत्यजित?" पावलं थांबतात. खाली येत नाहीत.

नैना, पेला कपाटात ठेवू नकोस. त्यात पाणी पी. मी तुझ्यावर प्रेम करतो. हे वाक्य काकांनी ट्रान्सलेट करावं, गाळू नये.

मृत्युपत्र इथे संपायला हवं होतं. सह्या व्हायच्या आधी पुढचं घडलं, म्हणून काकांच्या परवानगीने वाढवतो.

७. आज मंगळवार. सहीसाठी आम्ही ओल्ड बेंडमध्ये जमलो, मी माडीवर जिन्याच्या वरच्या टोकाशी बसलो. साक्षीदार ठरले होते मिस ओडेसा आणि पाळक हॉलिस. मिस ओडेसा म्हणाल्या, "वर यायला सांगू नकोस. मी खाली पायरीवर बसते." बसल्या. पाळकांनी चष्मा शोधायला घेतला. काका उभे राहून कागद वाचत होते, कारण ते इंग्रजीत सांगितल्याशिवाय पाळक सही करणार नव्हते. सहाव्या कलमाशी काका थांबले, पण प्रामाणिक माणूस, त्यांनी ते वाक्यसुद्धा सांगितलं.

खालून, चर्चच्या दारातून आवाज आला, "बाबा, विटनेसला काही मिळत नाही, करेक्ट?"

नैना होती. कधी आली कुणास ठाऊक. काका म्हणाले, "करेक्ट. बाद होतं."

"ओके. मग पेन दे."

मी म्हणालो, "अगं, वेडी आहेस का? तू सही केलीस तर पेला तुला मिळणार नाही."

"मला नकोच आहे असा. मेलेल्या माणसाकडून मी काही घेत नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती, सँडलचा पट्टा सोडत होती. "द्यायचा असेल तर हॉस्पिटलमधून ये आणि हातात दे. आणि यार, 'कारकून' मी डिक्शनरीत बघितलं. त्याचं आपण वेगळं बोलणार आहोत."

"प्लॅनचं काय?"

"आता विचारतोयस?" ती म्हणाली. "मिस ओडेसांनी मला पण जिन्यावर लेक्चर दिलंय. रविवारी मी दोन प्लॅन दाखवणार आहे. दुसऱ्यात दार आहे. मत मंडळी देईल, मी ओरडणार नाही. तू असशील तर तूही ओरडायचं नाहीस. हॉस्पिटलमध्ये आईस चिप्स चघळत पडून राहायचं."

मिस ओडेसांना मराठी कळत नाही. तरी त्या म्हणाल्या, "ह्या मुलीला करू दे सही." पाळक हॉलिस यांनी चष्मा परत खिशात घातला.

म्हणून सहावं कलम बाद होतं आहे हे मला माहीत आहे, ते मी वाचून, समजून, आनंदाने मान्य करतो. मी ते खोडत नाही. गुरुवारी काही झालंच तर पेला आईने ठेवावा. बाकी सगळी कलमं जशीच्या तशी.

वरचं सगळं माझं आहे, माझ्या इच्छेने आहे, आणि ते खरं करायची वेळ येऊ नये ही माझी शेवटची आणि पहिली इच्छा आहे.

सही: सत्यजित शमुवेल पारधे

आम्ही दोघींनी वरील इसमाला आमच्यासमोर सही करताना पाहिलं. त्याची शुद्ध पूर्ण होती.

साक्षीदार: ओडेसा फ्रीमन, माउंट गिलाद मंडळी. सही पहिल्या पायरीवर बसून केली.

साक्षीदार: नैना शैलेंद्र देवस्थळी. सही माडीवर, अनवाणी केली. ह्या मृत्युपत्रात हिला काहीही मिळत नाही.

स्थळ: ओल्ड बेंड चर्च, शुगर लँडजवळ, टेक्सस
दिनांक: १७ जून २०२५, मंगळवार